गंगेचा घास

सावळवेढ्यात पेठ तिथे आड. शैलजा सातपुते पहिल्यांदा महापौर झाली त्या वर्षी या सगळ्या आडांचं पाणी रंगीत होतं. शनिवार पेठेत किरमिजी, मंगळवार पेठेत जांभळट, आणि रविवार पेठेत रोज निराळं. आदल्या दिवशी रंगखान्यांनी कोणतं सूत रंगवलं ते सकाळी पोहरा वर आला की कळायचं. यंत्रमाग एकेक करून बंद पडत होते, घरांना कुलपं लागत होती. सोयरिकीला आलेली माणसं पाण्याचा तांब्या समोर आला की काहीतरी निमित्त काढून उठायची.

अशा पाण्यालाही रोज सकाळी जेवू घालणारं एक माणूस गावात उरलं होतं, आणि ते महापौरांच्याच घरात होतं. अंबूताई, शैलजाची थोरली नणंद.

प्रथा जुनी होती. हातमागाच्या काळात सुताला खळ लावायची ती भाताच्या पातळ पेजेची. त्या पेजेची पहिली वाटी गुळाचा खडा घालून तांब्याच्या गडूत ओतायची, हळदकुंकू वाहायचं आणि आडात सोडायची. त्याला गंगेचा घास म्हणत. पुढे खळ कारखान्यातून रसायनाची येऊ लागली, तरी घास राहिला. पाणी रंगलं तेव्हा मात्र बायकांनी तोही सोडला. विषाला कसला नैवेद्य दाखवायचा? अंबूताईंनी सोडला नाही. घास घातल्याखेरीज तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम होता, आणि त्या नेमाबद्दल त्या कुणाशी कधी वाद घालत नसत.

"वन्सं, त्या लाल पाण्यात पेज ओतून काय मिळतं हो तुम्हाला?" शैलजाने एकदा विचारलं होतं.

"आजारी माणसाचं जेवण बंद करतात का गं?" अंबूताई म्हणाल्या आणि पदर खोचून निघाल्या.

ऐन तरुणपणी कपाळ पांढरं झालं तेव्हा त्या माहेरी परत आल्या होत्या. शैलजा पहिल्यांदा वॉर्डातून उभी राहिली तेव्हा तिची तान्ही मुलगी अंबूताईंच्याच मांडीवर होती. "तू गाव सांभाळ, घर मी बघते," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि त्यांनी ते केलं होतं.

महापौर झाल्यावर शैलजाने पहिलं मोठं काम केलं ते डॉ. निलोफर तांबोळींना गावात आणण्याचं. डॉक्टर मूळच्या मिरजेकडच्या, सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्या. त्यांनी जिवाणूंचा एक थर तयार केला होता. कापडाच्या रंगाच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात आणि त्या पकडीतच रंग असतो. हे जिवाणू नेमकी ती पकड सोडवत आणि उरलेले तुकडे हळूहळू पचवून टाकत. जाळीवर वाढवलेला हा थर आडाच्या भिंतीला लावायचा, म्हणजे तो पसरत जाई. दिसायला दुधावरच्या सायीसारखा. लोकांनी त्याला तेच नाव दिलं.

आधी तीन शहरांत साय लावून झाली होती आणि तिन्हीकडे ती मेली होती. सावळवेढ्यात, पहिली जाळी उतरवली त्या अंबूताईंच्या पेठेत, ती जगली. का जगली ते कुणालाच नीट सांगता येईना. डॉक्टरांचा अंदाज होता की गळक्या गटारांतून तिला पोषण मिळत असावं. मग ती दुसऱ्या पेठेत नेली, तिसऱ्या पेठेत नेली. पाणी उजळलं तसा बायकांना घास आठवला आणि सकाळी आडांवर पुन्हा गडू दिसू लागले. चौकाचौकांत फलक लागले. कोणत्या आडाचं पाणी आज किती नितळ, ते त्यांवर आकड्यांत दिसायचं, आणि भाजीला निघालेली माणसं थांबून ते आकडे वाचायची. माग सुरू झाले, कुलपं निघाली. बाहेरच्या शहरांचे महापौर बसमधून येत, आडात डोकावत आणि शैलजाबरोबर फोटो काढून घेत.

दुसरी निवडणूक जवळ आली आणि त्याच सुमारास रविवार पेठेतली साय तपकिरी पडली.

"तांबं बाधलंय तिला," डॉ. तांबोळी म्हणाल्या. महापौरांच्या दालनात त्या दोघीच होत्या.

"कुठून आलं?"

"फिरोजी रंगातून. त्याच्या रेणूच्या पोटातच तांब्याचा अणू असतो. रंगखान्यांना परदेशातून फिरोजी कापडाची मोठी ऑर्डर आलीय ना? ते पाणी गाळल्याशिवाय सोडतायत."

शैलजा खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "बायकांचे गडूही तांब्याचेच असतात."

डॉक्टर हसल्या. "मॅडम, एवढं तांबं यायचं तर रोज अख्खा गडू आडात विरघळायला हवा."

"पण थोडं तरी उतरतच असेल. आणि हळद जंतू मारते, हे शाळेतली मुलंही सांगतात."

डॉक्टरांचं हसू थांबलं. "तुम्ही हे मला का विचारताय?"

कारण त्याच सकाळी रंगखान्यांच्या संघाचे अध्यक्ष दिगंबरशेठ उरणे येऊन गेले होते. पायात करकरणारी चप्पल आणि बोलणं मात्र लोण्यासारखं.

"गाळणी मागवलीय, बाईसाहेब. निवडणूक होईस्तोवर बसेल. पण आज तुम्ही फिरोजी बंद केलात, तर उद्या निम्मे माग गप्प होतील. गप्प मागापुढं उभं राहून मतं मागायची कशी, ते तुम्हीच मला सांगा."

"पाणी बिघडतंय, दिगंबरशेठ."

"एका पेठेचं. तेही चार महिने. पाण्याला कारणं काय, पन्नास असतात हो. लोकांना एक दिलं की पुरतं."

शैलजा खोटं बोलणारी बाई नव्हती. म्हणून तर लोक तिचं ऐकत. तिने स्वतःला समजावलं की चार महिन्यांचाच प्रश्न आहे. बायकांनी तेवढा काळ घास थांबवला तर कुणाचं पोट बुडत नाही, माग थांबले तर अर्ध्या गावाचं बुडतं. हिशोब सरळ होता. डॉक्टरांनी दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी बाकीच्या पेठांसाठी नव्या जाळ्यांना मंजुरी मिळाल्याचा निरोप त्यांना गेला, आणि मग त्याही काही बोलल्या नाहीत.

पण घासावरची बंदी नुसत्या हुकमाने टिकली नसती. बायकांच्या नेमाला हात घालायचा तर सुरुवात घरातून व्हायला हवी होती.

अंबूताई दुपारच्या तांदूळ निवडत होत्या. शैलजा त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

"वन्सं, एक मागणं आहे."

"मागणं कसलं? बोल की."

"घास थांबवा. सगळ्याच पेठांत थांबवायचाय. तुम्ही थांबवलात तर बाकीच्या ऐकतील."

अंबूताईंची बोटं ताटात तशीच राहिली. "माझ्या पेजेनं साय मरतेय?"

पेज नव्हे, हळद. हळद नव्हे, तांबं. असे दोन-तीन अर्धेमुर्धे मार्ग शैलजाला त्या क्षणी सुचले. पण अंबूताईंना अर्धवट सांगून चाललं नसतं. त्यांनी खोदून विचारलं असतं.

"हो, वन्सं," ती म्हणाली.

"अगं बाई." अंबूताईंनी ताट बाजूला सारलं. "मग इतके दिवस सांगितलं नाहीस ते? मी आपली रोज उठून..."

त्यांनी नेमाचं रीतसर उद्यापन केलं. मेहूण जेवू घातलं, गडू देवळात देऊन टाकला. घेतलेला नेम असाच टाकून देता येत नाही, त्याला निरोप द्यावा लागतो. पेठेने ते पाहिलं. महिना सरायच्या आत गावातल्या एकाही आडावर घास पडेना. आडांच्या तोंडावर लोखंडी जाळ्या बसल्या, शेजारी पालिकेचा पहारेकरी आला, आणि फलकांवर आकड्यांच्या खाली ओळ फिरू लागली: "हळदकुंकू घरात, आड विज्ञानाच्या हातात." ती ओळ शैलजानेच पसंत केली होती.

लोकांना एक कारण मिळालं आणि ते पुरलं. समोरच्या गौराबाईंनी भर रस्त्यात विचारलं, "काय अंबूताई, गंगेला जेवू घालत होता का विष?"

"चुकलं हो," अंबूताई म्हणाल्या. "कळलं नाही मला."

त्यानंतर त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. एकभुक्त राहायचं आणि भात वर्ज्य. ज्या भाताच्या पेजेने पाणी मेलं तो भात आपल्या तोंडात नको. भाकरीचा चतकोर, कधी तोही नाही. त्यांची मनगटं बारीक होत गेली. चौरंग उचलताना हात थरथरू लागले.

"अक्का वाळत चाललीय," शैलजाचा नवरा रमाकांत म्हणाला. "तुझ्या त्या डॉक्टरणीला विचार तरी. दुसरं काही कारण निघालं, तर तिच्या जिवावरचं ओझं उतरेल."

"निवडणूक होऊ दे," शैलजा म्हणाली.

निवडणूक झाली. शैलजा मागच्या वेळेपेक्षा मोठ्या फरकाने निवडून आली. दिगंबरशेठांची गाळणीही बसली, अगदी सांगितल्याप्रमाणे. रविवार पेठेत तांबं यायचं थांबलं. आणि तरीही साय आटत चालली. रविवार पेठेतच नव्हे, जिथे फिरोजीचा थेंब कधी पोहोचला नव्हता त्या पेठांतही. फलकांवरचे आकडे रोज थोडे थोडे घसरत होते.

डॉ. तांबोळी आल्या त्या न विचारता खुर्चीत बसल्या.

"उपाशी आहे ती," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"साय. मॅडम, रंगाची पकड सोडवायला जिवाणूला जोर लागतो. तो जोर त्याला रंगातून मिळत नाही. त्यासाठी वेगळं जेवण लागतं. पिठूळ काहीतरी, गोड काहीतरी. मी धरून चालले की गटारांच्या गळतीतून ते मिळतंय. आता मोजलं. गळतीतून मिळतं ते तिच्या दाताला पुरणारं नाही. गटारं तर त्या तीन शहरांतही गळत होती. तिथे साय का मेली, आणि इथेच का जगली, हे मी नीट विचारलंच नाही. जगतेय ना, एवढ्यावर खूश होते."

"मग इथे का जगली?"

"भाताची पेज आणि गूळ. गावातल्या बायका तिला रोज सकाळी जेवू घालत होत्या. त्यांना ते ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आपण ते जेवण बंद केलं."

बाहेर कुणीतरी निवडीचे हार घेऊन थांबलं होतं.

"उपाय?" शैलजाने विचारलं.

"सोपा आहे. आडाशेजारी टाकी ठेवायची, मक्याच्या पिठाची पेज, गूळ, आणि एक छोटा पंप. महिन्याभरात साय उठून बसेल."

"म्हणजे बायकांची गरज नाही."

"गरज नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पंपही तेवढंच काम करेल. पण त्यांना सांगायला हवं."

"काय सांगू? बंदी चुकली, असं? मग ते विचारतील, तांब्याचं खरं कारण ठाऊक होतं का. पुढच्या महिन्यात दिल्लीहून माणसं येतायत, सर्वोत्तम शहराचा सन्मान घेऊन. दोन नवे कारखाने त्या सन्मानाची वाट बघतायत. एका वाक्यानं सगळं खाली येईल."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मी तेव्हा गप्प बसले. आता मोठ्यानं बोलायचा हक्क मला उरला नाही. पण घरी तरी सांगा, मॅडम. परवा मी त्यांना पाहिलं. ओळखू आल्या नाहीत."

टाक्या बसल्या, पंप बसले. पेज आपोआप सुटू लागली आणि साय खरंच उठून बसली. आकडे चढले. पालिकेने पत्रक काढलं: सायीसाठी नवे पोषक तंत्र. त्या पोषकात काय आहे हे पत्रकात नव्हतं.

सन्मानाच्या दिवशी सकाळी शैलजाने घरी सांगितलं. अंबूताई देवघराजवळ फुलवाती वळत होत्या. तिने काही लपवलं नाही. फिरोजी रंग, दिगंबरशेठ, डॉक्टरांचं ते हसणं, पंपातली पेज, सगळं सांगितलं. सांगताना तिला रडू आलं आणि ते तिने येऊ दिलं.

अंबूताई वाती वळतच होत्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे घास तिला लागत होता."

"हो."

"आणि तुला ठाऊक होतं."

"लागत होता हे ठाऊक नव्हतं, वन्सं. बाधत नव्हता, हे ठाऊक होतं."

"आज लोकांपुढं सांगशील?"

"थोडे दिवस थांबा. हे सगळं एकदा मार्गी..."

"मग मला कशाला सांगितलंस?" अंबूताईंचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. "मी आपली माझं पाप समजून उपास करत होते. माझं मला झेपत होतं. आता तुझं आणून माझ्या पदरात टाकलंस, त्याचं मी काय करू? तुझ्यासाठी मी उपास केला तर तो देवाला तरी पोचेल का?"

त्या उठल्या. चुलीवर भात चढवला, पातळ पेज काढली, गूळ घातला. गडू आता नव्हता, म्हणून स्टीलच्या वाटीत घेतली आणि आडाकडे निघाल्या. शैलजा मागोमाग गेली. थांबवायला की सोबतीला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पहारेकऱ्याने हात आडवा घातला. "आजी, टाकायचं नाही काही. आता पंप देतो की तिला खायला." मग त्याला महापौर दिसल्या आणि तो ताठ झाला. "मॅडम, काय करू? जाळी उघडू?"

बघता बघता माणसं जमली. सन्मानाचा दिवस असल्याने रस्त्यावर गर्दी होतीच. चार-पाच मोबाइल वर झाले. अंबूताईंनी शैलजाकडे पाहिलं नाही. त्या वाटी धरून आडाकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि हात थरथरत असल्याने पेज वाटीच्या काठावरून त्यांच्या बोटांवर येत होती.

जाळी उघड म्हटलं असतं, तर का, हा प्रश्न लगेच आला असता.

"नियम सगळ्यांना सारखा," शैलजा म्हणाली.

आधी एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. "बघा," गौराबाई शेजारणीला म्हणाल्या, "सख्ख्या नणंदेलाही सोडत नाही. गाव काय उगीच सुधारलं?"

अंबूताई परतल्या. घरी येऊन त्यांनी हात धुतले, पाट मांडला, स्वतःचं पान वाढून घेतलं. भात, वर वरण, लिंबाची फोड. कित्येक महिन्यांनी त्या भात जेवत होत्या, सावकाश, एकेक घास चावून. शैलजा दारात उभी होती. तिला बरं वाटलं.

"जेवलात ते फार चांगलं केलंत, वन्सं."

"माझा उपास सुटला," अंबूताई म्हणाल्या. "माझं पाप नव्हतंच ते. आजपासून उपास तुझा. लोकांपुढं बोलशील तेव्हा सुटेल. मी काही तुझ्या पानावर पहारा ठेवणार नाही. तुझा तू धरायचा."

शैलजाने तो धरला. खरंच धरला. दुपारी बैठकीत समोर आलेली बशी तिने सरकवून दिली, चहाही घेतला नाही. संध्याकाळी नाट्यगृहाच्या पायऱ्या चढताना तिला घेरी आल्यासारखं झालं, आणि त्या अशक्तपणात तिला एक प्रकारचं समाधानही वाटलं. बोलू, असं तिने ठरवलं होतं. निदान गाडीतून उतरेपर्यंत तरी ठरवलं होतं.

पुढच्या रांगांत पेठांतल्या बायका बसल्या होत्या. दिगंबरशेठांच्या संघाने त्या सगळ्यांना साड्या वाटल्या होत्या, एकाच फिरोजी रंगाच्या. अंबूताईंसाठी राखलेली खुर्ची रिकामी होती. डॉ. तांबोळी कडेला भिंतीजवळ बसल्या होत्या.

दिल्लीच्या पाहुण्यांनी मानपत्र दिलं, शाल घातली. शैलजा माइकपाशी आली.

"हा सन्मान माझा नाही," ती म्हणाली. "साय जगली ती पेठांतल्या माझ्या आयाबहिणींमुळे."

डॉक्टरांनी मान वर केली. पहिल्या रांगेत दिगंबरशेठांचा पाय हलायचा थांबला. शैलजाने श्वास घेतला. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर होतं, लहानसंच होतं. तिने समोरच्या निळ्या-हिरव्या रांगांकडे पाहिलं, तिच्याकडे बघून हसणाऱ्या त्या सगळ्या तोंडांकडे.

"कारण विज्ञानाने हाक दिली," ती म्हणाली, "आणि त्यांनी जुनी रूढी हसत हसत सोडली."

टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. बायकाही वाजवत होत्या. डॉक्टर उठून मागच्या दाराने निघून गेल्या.

जेवणाची पानं मागच्या मंडपात मांडली होती. पहिलं पान पाहुण्यांचं, दुसरं महापौरांचं, त्याच्या शेजारी दिगंबरशेठांचं. वाढप्याने भाताची मूद घालण्यापूर्वी विचारलं, "मॅडम, वाढू ना? दुपारी आपण काही घेतलं नाही म्हणून म्हटलं. उपास आहे का?"

"नाही रे," शैलजा म्हणाली. "कसला उपास? वाढ."

दिवसभराची भूक होती. भात मऊ होता, वरून तूप सोडलेलं होतं. तिने दुसऱ्यांदा मागून घेतला.